सगळ्यांच्या मागे

माझं काम सोपं. नारिंगी जाकीट घालायचं,
खिशात दोन ट्यूब, एक पंप, गळ्यात शिट्टी,
आणि शेवटचा माणूस जिथे असेल
त्याच्या मागे राहायचं. अकरा वर्षं झाली.
यादीत मला नंबर नसतो.

ऑर्कनीत झाडं जवळजवळ नाहीतच. वाऱ्याला आडवं यायला
मेंढ्या, दगडी बांध, आणि आज आम्ही:
एकशे सहा सायकली,
बोटीच्या धक्क्यापासून शाळेच्या पटांगणापर्यंत,
बेटावर डायलिसिसची एक खुर्ची यावी म्हणून.

तंग कपड्यांतले आठ-दहा जण पहिल्या वळणालाच दिसेनासे झाले.
एर्लेंड हातांनी पॅडल फिरवत, रस्त्यापासून वीतभर उंचीवर,
उताराला असा सुटला की त्याची आई ओरडलीच.
जोडसायकलवर पुढे थोरा, मागे तिचे वडील,
त्यांना दिसत नाही, म्हणून ते रस्ता वासाने सांगत होते:
शेण. आता समुद्र. आता ड्रेव्हरची डिझेलची टाकी,
त्याला सांगा, गळतेय.
(खरंच गळत होती.)
एक पोरगी, मागे दोन छोटी चाकं लावलेली,
चर्चपर्यंतच जाणार होती; गेली,
आणि आता परत कशाला जायचं म्हणून रडली.

मग बराच वेळ रिकामा रस्ता.
मग मेमी रेंडल. तीनचाकी. टोपलीत थर्मास.

"मागून कुणी बघितलेलं मला आवडत नाही."
"मी मेंढ्या बघतोय," म्हटलं.

चढावर ती बोलायला लागली,
श्वास पुरेल तेवढंच एका वेळी:
आठवड्यातून तीनदा,
पहाटेची बोट,
दोन वर्षं.
समुद्र खवळला
की बोट नाही.
बोट नाही
की

पुढचं वाक्य चढाने खाल्लं.
मी काही बोललो नाही. त्या बोटीवर दोर सोडायचो तो मीच.
करड्या कोटातला तिचा नवरा रोज तिसऱ्या बाकावर बसायचा,
मी "सकाळ गार आहे" म्हणायचो, तो "आहे खरी."
दोन वर्षांत एवढंच.

शेवटच्या तीन किलोमीटरला माझी साखळी तुटली.
दोन ट्यूब, एक पंप, एक शिट्टी.
साखळीला यातलं काहीच चालत नाही.
पुढे हो म्हटलं. ती उतरली, हात पुढे केला:
"जाकीट काढ."
"का?"
"शेवटचा माणूस जिथे, त्याच्या मागे. नियम तुझाच ना?"

तिने ते कोटावरून चढवलं, गुडघ्यांपर्यंत आलं.
मी सायकल ढकलत पुढे, ती मागे,
इतकी हळू की तीन चाकं होती म्हणून पडली नाही.
अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाठीवर कुणाचे तरी डोळे.
खांदे आपोआप सरळ झाले. चाल बिघडली.
आपल्याला चालता येत नाही असं वाटायला लागलं.
"बघतेयस का?"
"मेंढ्या," ती म्हणाली.

शाळेत टेबलं घड्या करून भिंतीला लावली होती.
सूप तळाशी गेलं होतं, त्यातला बटाटाही विरघळलेला.
पैसे अजून मोजत होते, कुणीतरी दोनदा चुकलं होतं.
यादी घेतलेल्या मुलीने विचारलं, तुमचा नंबर?
नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही.
तिने तळाशी एक ओळ आखली आणि माझं नाव लिहिलं,
स्पेलिंग चुकवून.

मेमी आत आलीच नव्हती.
फाटकात थांबून, शिट्टी ओठांत धरून, ती रस्ता बघत होती:
वळण, बांध, आलो तो सगळा चढ.
बराच वेळ बघत राहिली.
मग शिट्टी काढून म्हणाली,
"चला. मागे कुणी राहिलं नाही."